खिसे रिकामे करा

असं म्हणाली ती पोरगी, हातात पाटी घेऊन,
उजळाईवाडीच्या धावपट्टीशेजारी, सकाळी सव्वासातला.
मी टोपलीत ठेवत गेलो:
व्हर्निअर, चष्म्याचं घर, तंबाखूची चंची,
कागलच्या एका गिऱ्हाइकाचं चार महिने थकलेलं बिल,
खडूचा तुकडा.
"अजून काही, दस्तगीरचाचा?"
काही नाही म्हटलं.
खोटं नव्हतं. मलाच माहीत नव्हतं.

आदल्या रात्री त्यांच्या तीन नंबरच्या विमानात
धूर सोडायचा पंप अडला होता.
बुश झिजलेलं. माझ्याकडं उद्यमनगरात आणलं,
अकरा वाजता, शटर अर्धं पाडलेलं असताना.
केसाच्या निम्म्या फरकावर फिरवून दिलं.
त्यांच्या म्होरक्यानं पाकीट काढलं.
मी म्हटलं, पैसे ठेवा. बसवा.

मी पुढं, चालवणारी मागं.
असली गाडी पहिल्यांदाच बघितली.
कॅप्टन अवनीतचा आवाज कानात, पट्टे पाच,
आणि जैतुन कुंपणापाशी, पदर दातात धरून,
अठ्ठावन्नाव्या वर्षी नवऱ्याला काय सुचलं ते बघत.

चारही विमानं एकदम उठली.
डावीकडच्याचे रिबेट मोजता येत होते. मोजले.
एकोणीसपर्यंत आलो आणि त्यानं पंख कलला,
आम्हीही कललो, मधली फट तेवढीच.
माझ्या शटरच्या रुंदीएवढी फट,
दोनशे मैलाच्या वेगात, आणि हलत नाही!
माझं लेथ जागेवर बोल्ट मारून बसवलंय,
तरी थरथरतं.

खाली पंचगंगा.
लोक काय काय म्हणतात तिला. मला दिसला
टूलवरून तापून सुटलेला लांब कीस,
निळा पडलेला, वळसे घेत गेलेला.
गुऱ्हाळांचा धूर फडातून सरळ वर येत होता,
आमचा आडवा.

"चाचा, आता पोट घट्ट धरा."
नाक वर झालं
आणि त्रेसष्ट किलोचा मी अडीचशेचा झालो.
गाल गळ्यात उतरले. हात मांडीवरून सुटेना,
कुणीतरी वर बसलंय छातीवर, ओळखीचं कुणीतरी.

अब्बा तालमीत म्हणायचे, गड्याला अस्मान दाखवायचं.
मला त्यांनीच दाखवलं, सोळाव्या वर्षी,
बारक्या पोरांच्या देखत.
पाठ लाल मातीत, वर फुटक्या कौलातून
रुपयाएवढं निळं.
दुसऱ्या दिवशी मी तालमीत गेलो नाही,
शिकाऊ म्हणून लेथवर गेलो.
ते चार वर्षं बोलले नाहीत.
नंतर बोलले, पण पाण्याबिण्याचं.

मग वजन गेलं.
सगळंच गेलं. पट्ट्यांना लोंबत होतो,
अस्मान पायाखाली,
डोक्यावर माती, जोतिबाचा डोंगर टोकावर उभा,
रंकाळा सांडत नव्हता.
आणि त्या मातीत कुठंतरी, कब्रस्तानाच्या भिंतीलगत,
अब्बा.
तुम्ही वर, मी खाली.
कुणी कुणाला काय दाखवलं म्हणायचं आता?
पाठ तर माझी कुठंच टेकली नव्हती.

तेवढ्यात बुटाच्या शिवणीतून
लोखंडाचा एक कीस निघाला,
माझ्या तोंडासमोरून
उलटा पडत गेला वरच्या काचेवर. टिक.

"काय वाजलं?"
"सॉरी मॅडम. खिसे रिकामे केले होते. बूट नाही."
कानात थोडा वेळ नुसती खरखर,
मग ती हसली, आणि जमीन परत खाली आली.
कीस गुडघ्यावर पडला. मुठीत धरला.

उतरल्यावर पाय दुसऱ्याचे वाटत होते.
टोपलीतनं सगळं उचललं, कागलचं बिलसुद्धा.
जैतुननं विचारलं, काय दिसलं वरनं?

पंप नीट चालला, म्हटलं.
धूर कुठं तुटला नाही.

मूठ अजून उघडली नव्हती.